नऊ वीसचं गिऱ्हाईक

"आज आलं का तुझं ते गिऱ्हाईक?" बाबांनी विचारलं.

"आलं. बरोबर नऊ वीसला. पाच लॉट, मिळेल त्या भावाने." लेकीने ताट पुढे ओढलं, पण घास उचलला नाही.

ती शेअर बाजारात ऑप्शनच्या सौद्यांची मार्केट मेकर होती. खरेदीचा एक आणि विक्रीचा एक, असे दोन भाव पडद्यावर सतत लावून ठेवायचे. मधला फरक हा कंपनीचा नफा. तिच्या वाट्याला आलेल्या ऑप्शनकडे कुणी फिरकत नसे. मागच्या वर्षी साहेबांनी बजावलं होतं, महिन्याभरात सौदे झाले नाहीत तर हे दुकान बंद, आणि तुझी नोकरीही. ती घरी येऊन रडली होती. त्याच आठवड्यात हे गिऱ्हाईक उगवलं. तेव्हापासून रोजची भवानी त्याचीच. पडद्यावर नाव मात्र कुणाचंच दिसत नाही.

"बाबा, मी त्याला लुटते. तो भाव बघतच नाही, हे लक्षात आल्यावर मी नऊ वीसच्या आधी फरक वाढवायला लागले. नियमात बसतं, पण मनाला खातं हो."

बाबांचा जन्म दलालाच्या पेढीवर फोन घेण्यात गेला होता. "आमच्या वेळी मी सांगेन तो भाव. मधल्यामध्ये मी किती खाल्लं, कुणाला पत्ता नाही. अजून झोप लागत नाही कधी कधी. आता निदान डोळे असलेल्याला सगळं दिसतं."

"त्याला डोळे नाहीत ना पण!"

"असतील. तू जेव आधी."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. बाहेर सगळ्यांना वाटलं, झोपलीय. तिने आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. आज फरक कमी करायचाच, असं तिने ठरवलं होतं. नऊ एकोणीस झाले. नफा घटला तर साहेब काय म्हणतील, हे मनात आलं आणि बोट तिथेच अडलं. तिला स्वतःची शिसारी आली.

बाहेरून आईचा आवाज आला. "अहो, चहा निवतोय. सकाळी सकाळी काय तो मोबाइल?"

"हळू बोल, पोर उठेल," बाबा म्हणाले. "आलोच. तिच्या दुकानात भवानी करून येतो."