आखूड पाय

पेल्यातलं पाणी काठापासून बोटभर खाली होतं. त्यावर बारीक वर्तुळं उठत होती, सेकंदाला चार-पाच.

मानसशास्त्राच्या पीएच.डी.ची मुलाखत होती. जागा दोन, अर्ज तीनशे दहा, आणि मी मांडलेला विषय भीतीचा. निघताना ताईने पुन्हा बजावलं होतं, "तुझ्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. न्हाव्याने स्वतःचं टक्कल झाकूनच ठेवावं!" गेली दोन वर्षं मी तिचं ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा मुलाखतीतून रिकाम्या हाताने घरी परतले होते.

"हाच विषय का निवडलात?" मुलाखत घेणाऱ्या दोघांपैकी मॅडमनी विचारलं. मी पाठ केलेल्या उत्तराचं पहिलं वाक्य म्हटलं.

त्यांची नजर पेल्यावर गेली. "अहो सर, हे टेबल हलतंय का?"

"पाय आखूड असणार. या खोलीतलं एकही फर्निचर धड नाही!" सर कागदाची जाड घडी करून टेबलाखाली वाकू लागले.

"राहू द्या, सर," मी म्हणाले. "टेबल ठीक आहे. माझा गुडघा टेकलाय त्याला. हाच विषय एवढ्यासाठी, की गेली सहा वर्षं मला भीतीचे झटके येताहेत. आत्ताही आलाय."