एका ओढीत

“नाना, हात वर करा,” संदेश बसच्या दारातून ओरडला. पण एकनाथरावांचा उजवा हात सदऱ्याच्या आत, छातीकडेच चालला होता. काचीगुड्याच्या बस थांब्यावर पोलिसांनी त्यांना एकट्याला उतरवून उभं केलं होतं. एका तरुण शिपायाची रायफल त्यांच्यावर रोखलेली होती.

सदऱ्याच्या आत पिस्तूल होतं. लांब नळीचं, वर दुर्बीण बसवलेलं, काळं कुळकुळीत. आणि ते लाकडाचं होतं. पण हे त्या भर रस्त्यात दोघांनाच ठाऊक होतं, बापाला आणि लेकाला.

अफझलगंजात त्यांचं दुकान. बंदुकांची चामडी कव्हरं शिवायची, हाच पिढीजात धंदा. शिकारीवर बंदी आली आणि कव्हरं कोण घेणार? मग बाजार मोकळा झाला, माल बाहेर पाठवा म्हणून जो तो सांगू लागला. संदेशने बरीच खटपट करून अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्याला गाठलं. तिकडे म्हणे लोक दुर्बिणीच्या पिस्तुलाने शिकार करतात. ते धूड कमरेला टोचतं, चालू देत नाही, म्हणून त्याचं कव्हर छातीवर तिरकं बांधायचं. शिकारी वाकला, कुंपणाखालून सरपटला, तरी पिस्तूल पडता कामा नये. आणि हवं तेव्हा एका हाताने निघालं पाहिजे. पहिला नमुना परत आला होता. पिस्तूल निघता निघत नाही म्हणे. दुसराही परत आला तर दुकानाला कुलूप लावायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

आता या घराची एक रीत होती. ज्याने शिवलं त्याने तो माल आधी दिवसभर अंगावर वागवायचा, मगच तो दुकानाबाहेर जायचा. खरं पिस्तूल कुठून आणणार? फोटो दाखवून सुताराकडून लाकडाचं करून घेतलं आणि आत शिसं भरून वजन आणलं.

“घरातच घालून बसा की,” संदेश म्हणाला होता.

“शिकारी काय घरात बसून असतो का रे?” एकनाथराव म्हणाले. झालं. म्हाताऱ्याचं डोकं एकदा फिरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचं नाही. संदेशला सोबत घेऊन तारनाक्याच्या पलीकडे खडकांवर ते सकाळपासून चढले, उतरले, काटेरी झुडपांखालून रांगले. टोचलं नाही, पडलं नाही. खूश होऊन परतीच्या बसमध्ये बसले आणि उकडतंय म्हणून त्यांनी सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडल्या. समोरच्या बाईला दुर्बीण दिसली. शहरात आधीच तणाव, नाक्यानाक्यावर पोलीस. बाई कंडक्टरच्या कानाशी लागली.

“हात उपर, बुड्ढे,” फौजदार ओरडला.

“लकडी का है जी, दिखातउं ना,” एकनाथराव म्हणाले. आपण चोर नाही, दाखवलं की विषय संपला, एवढा त्यांचा सरळ विचार. त्यांची बोटं पिस्तूल अडकवून धरणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचली.

त्या पट्ट्याची पितळी गुंडी चिरेत घट्ट बसायची. पिस्तूल पडू नये म्हणून नानांनी मुद्दाम तशी ठेवली होती. परत आलेला नमुना संदेशच्या मनातून जात नव्हता, म्हणून सकाळी नाना अंघोळीला गेले तेव्हा त्याने गुपचूप ती चीर आरीने मोठी केली होती आणि वर मेण चोळलं होतं. आता एका ओढीत पिस्तूल हातात येणार. आणि पिस्तूल हातात आलं की नाना संपले. अडकू दे, देवा, एवढं एकदा अडकू दे, तो मनात म्हणत राहिला.

पिस्तूल अडकलं नाही. लोण्यातून केस निघावा तसं निघालं. काळी नळी शिपायाकडे वळली, शिपायाने डोळे मिटले, आणि संदेशनेही मिटले.

काहीच झालं नाही.

खाली काहीतरी आपटल्याचा आवाज आला. नानांच्या हातातून पिस्तूल रस्त्यावर पडलं होतं आणि दुर्बीण, म्हणजे रंगवलेला पाईपचा तुकडा, निखळून गडगडत गटारापाशी गेली होती. फौजदाराने लाकूड उचललं, उलटसुलट केलं आणि बापलेकांना इतक्या शिव्या घातल्या की बसमधल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. मग त्याने त्या शिपायाची पाठ थोपटली.

“शाब्बास रे. दिमाग ठंडा रखा.”

लोकांनीही माना डोलावल्या. दुसरा कोणी असता तर म्हातारा आज गेला होता, असं जो तो म्हणू लागला. एकनाथराव फुटपाथवर बसून रिकाम्या कव्हरावरून हात फिरवत होते. त्यांचा अंगठा मोठ्या झालेल्या चिरेवर येऊन थांबला. संदेशला त्यांच्याकडे बघवेना.

तो शिपायाकडे गेला. इराणी हॉटेलच्या कोपऱ्यावर शिपाई पाणी पीत उभा होता. ग्लास त्याच्या दातांवर वाजत होता, निम्मं पाणी वर्दीवर सांडत होतं. संदेशने त्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. त्याला रडू आवरत नव्हतं.

“भाई, तुम गोली नहीं चलाए. मेरे बाप को बचा लिए.”

शिपायाने फौजदाराकडे पाहिलं. तो लांब होता. मग अगदी हळू आवाजात शिपाई म्हणाला, “चलाया ना भाई. मैं तो घोडा पूरा दबा दिया था. बंदूक का लॉक खोलनाइच भूल गया.”