बंपरवरचं रक्त

भाड्यानं नेलेली गाडी तोकतोबेकनं परत केली, तेव्हा तिचा पुढचा दिवा तडकलेला होता आणि खाली बंपरवर रक्त वाळलं होतं. कंपनीनं भरपाई मागितली. बिश्केकच्या त्या कचेरीत तेच तेच सांगून तोकतोबेक पार वैतागला होता.

"दिवा आधीपासून तडकलेला होता. किती वेळा सांगू?"

"आणि रक्तही आधीपासूनचंच का, काका?" काउंटरवरचा एलदार हसला. "रस्त्यात मेंढी उडवलीत. कबूल करा आणि मोकळे व्हा."

"उडवली नाही रे बाबा, कापली! गाडी दारात आली की मेंढी कापून तिला रक्त लावतात. किर्गिझच आहेस ना तू?"

"ते नव्या, स्वतःच्या गाडीला. भाड्याच्या गाडीसाठी कुणी मेंढी कापतं होय? साहेबांना हे सांगितलं तर ते मलाच कापतील."

"माझ्या बायकोनं कापायला लावली. अंथरुणातून उठून बाहेर आली आणि स्वतःच्या बोटांनी रक्त लावलं तिनं."

"मग त्यांनाच घेऊन या. त्यांनी माझ्यासमोर एवढं सांगितलं, की दावा मागे घेतो."

"ती गेली."

एलदारचं हसू मावळलं. "माफ करा, काका. त्या असत्या तर प्रश्नच मिटला असता."

"असती तरी तिला इथं आणलं नसतं," तोकतोबेक म्हणाला. "गाडी आपण विकत घेतली, असं सांगितलं होतं मी तिला."