दह्याचा गुण

"अहो, आ करा की!" शेवंताबाईंनी दह्याचा चमचा पुन्हा पुढं केला आणि केरबांनी दात आवळून धरले.

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेली होती. एके काळी गुळाच्या सौद्यात त्यांनी बोली पुकारली की आख्खी पेठ ऐकायची. आता साधं 'नको' म्हणता येईना. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "पोटातल्या जिवाणूंचा मेंदूशी संबंध आहे का, यावर संशोधन चाललंय. अजून खात्री नाही. थोडं दही द्यायला हरकत नाही." शेवंताबाईंनी त्यातलं फक्त दही ऐकलं. मग गल्लीनं ऐकलं. कुणी म्हशीचं आणलं, कुणी गाईचं, कुणी देवाला दाखवून आणलं. तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस तिन्ही त्रिकाळ दही गिळत होता, आणि शिव्या जिभेपर्यंत येऊन विरघळत होत्या.

आज शेजारच्या हौसाबाई भलं मोठं गाडगं घेऊन आल्या. "दाजी, आमच्या घरचं चाखून तर बघा."

केरबांच्या मस्तकात तिडीक गेली. डाव्या हातानं त्यांनी शेवंताबाईंच्या हातातली वाटी उडवली, घशातून घरघर निघाली आणि मागोमाग सौद्यातला तो जुना आवाज, "खड्ड्यात गेलं तुमचं दही!"

स्वतः केरबाही दचकले.

"बोलले!" हौसाबाई ओरडल्या. "शेवंता, गुण आला बघ दह्याचा!"

केरबा घाईघाईनं पुढचा शब्द शोधू लागले. तो काही सापडेना. तोवर डोळे पुसत शेवंताबाई मोठी वाटी आणायला आत गेल्या होत्या.