न केलेला गुन्हा

"मला आत कोंडा, जमादारसाहेब," धुळाजी म्हणाला.

उमापूरच्या चौकीच्या ओट्यावर जमादार हुक्का ओढत बसला होता. त्याने समोरच्या धनगराकडे डोळे बारीक करून पाहिलं. डोक्याला मुंडासं, हातात काठी, आणि ऐन थंडीत अंगाला दरदरून घाम.

"जुर्म काय हाय तुजा?"

"अजून केला न्हाई."

जमादार खदखदून हसला. "मंग केल्यावर ये. सरकारी कोठडी हाय बे ही, धर्मशाळा न्हाई."

धुळाजी जागचा हलला नाही. गुरांच्या बाजारामागे बद्रीनाथने जुगाराचं तरट अंथरलं होतं आणि तिथल्या कवड्यांचा खुळखुळाट त्याला इथवर ऐकू येत होता. दुसऱ्या कुणाला तो आला नसता. त्या तरटावर त्याने बापाची मेंढरं घालवली होती, बायकोच्या, मनकर्णेच्या, दंडातली चांदीची वाकी घालवली होती, आणि मग सुंदरराव देशमुखाकडून उचल घेऊन तीही तिथेच घालवली होती. मनकर्णा माहेरी निघून गेली. दिवाळीनंतर परत आली ती एकाच बोलीवर : पैशाला तुमी हात लावायचा न्हाई. तेव्हापासून तो देशमुखाची मेंढरं वळून कर्ज फेडत होता, आणि ती लोकर कातून, घोंगड्या विणून. बाजारही तीच करायची. नवराबायकोचं बोलणं व्हायचं ते मेंढरांपुरतं.

आज सकाळी एक मेंढी अडली. मनकर्णेचा हात लहान, पोटातलं कोकरू फिरवायचं तर तीच हवी. तिने घोंगड्या नवऱ्याच्या खांद्यावर टाकल्या. "इका आन् नीट देशमुखाच्या वाड्यावर जावा," म्हणाली. मेंढीपाशी बसता बसता तिने मान वळवली. "ह्या बारीला मी गेले तर परत यायची न्हाई."

घोंगड्या चांगल्या भावाने गेल्या. निजामाचे हाली रुपये त्याने मुंडाशाच्या टोकाला बांधले, दातांनी गाठ आवळली. पण देशमुखाचा वाडा काय आणि मेंढरांचा तळ काय, दोन्हीकडची वाट त्या तरटावरूनच. तो तोंड फिरवून चालला होता, तेवढ्यात बद्रीनाथची हाक आली.

"कावून लपतो बे, धुळ्या? आज दान तुजंच हाय. एका दानात समदं कर्ज फिटंल!"

धुळाजी हादरला तो हाकेने नाही. सकाळपासून त्याच्या डोक्यात नेमके हेच शब्द घुमत होते. तो उलट्या पावली पळत सुटला, तो थेट चौकीवर.

"पाया पडतो, साहेब. दिवस मावळंपतूर ठेवा. मंग सोडा."

"जा, जा. खेळायचं तर खेळ, न्हाई तर घर गाठ. माजं डोकं नको खाऊ." बद्रीनाथच्या तरटावरचा वाटा चौकीवर येतो हे साऱ्या उमापूरला ठाऊक होतं.

धुळाजी ओट्याची पायरी उतरला. तिकडे एकदम गलका उठला. कुणाचं तरी मोठं दान पडलं होतं. आणि त्याला दिसलं, की आपला हात मुंडाशाच्या गाठीवर गेलाय. बोटं ती उकलू लागलीत.

तो गर्रकन वळला आणि त्याने जमादाराच्या हुक्क्याला सगळ्या ताकदीनिशी लाथ घातली. चिलीम फुटली. निखारे ओट्यावर उधळले.

मग काठी बसली, लाथा बसल्या, आणि कोठडीचं दार लागलं. धुळाजी भिंतीला टेकून लहान लेकरासारखा रडला. पण थोड्याच वेळात तो दारावर धडका मारू लागला. "सोडा मला! देशमुखाचे पैसे द्यायचे हायेत, साहेब! सोडा!" आपण खोटं बोलतोय हे त्याचं त्याला कळत होतं. जमादाराने ढुंकूनही पाहिलं नाही.

दिवस कलला तेव्हा मनकर्णा आली. तुझ्या नवऱ्याला जुगारात धरलं, असं तिला कुणीतरी वाटेवरच्याने सांगितलं होतं. तिच्या हातांवर मेंढीचं वाळलेलं रक्त तसंच होतं. गजांतून तिने त्याचा फुटका ओठ पाहिला.

"घालवले?"

धुळाजीने मुंडासं सोडलं आणि त्याचं टोक बाहेर दिलं. घामाने गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. तिने ती कशीबशी दातांनी सोडवली. रुपये पाहिले आणि पुन्हा झाकले.

"मंग मार कशाचा खाल्ला?"

"माजा हुक्का फोडला यानं," जमादार ओरडला. "आत बसायला मिळावं म्हून! येडा हाय तुजा नवरा. भरून दे आन् घिऊन जा."

मनकर्णा नवऱ्याकडे बघत राहिली. एवढ्या महिन्यांत तिने त्याच्या तोंडाकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"नवी घोंगडी इनून देते, साहेब," ती म्हणाली.

जमादाराने कुरकुरत कडी काढली. "निघ बे."

धुळाजी उठला नाही. गुडघ्यांत मान घालून पुटपुटला, "डाव अजून मोडला न्हाई."

मनकर्णेने कान दिला. बाजार ओसरला होता. आता तिलाही कवड्या ऐकू आल्या.

तिने रुपये कनवटीला खोवले. वाकून आत आली, त्याच्याशेजारी भुईवर बसली, आणि हात लांबवून कोठडीचं दार आतून ओढून घेतलं.