ऊब

गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर ऐन वाजवताना धूर सोडून बंद पडला, तेव्हा सुनेपेक्षा सासूलाच घाई. धोंडूबाईने उन्नतीला अ‍ॅम्प्लिफायरसकट रिक्षात घातलं आणि शेलार गावातून थेट भिवंडीला, पंढरीकाकांच्या दुरुस्तीच्या दुकानात आणलं. काकांनी मागची फळी काढली. आतला एक काचेचा, दिव्यासारखा तापणारा व्हॉल्व्ह तडकला होता, बुडाशी काहीतरी पांढरं वाळून चिकटलं होतं. काकांनी ते नखाने खरवडून हुंगलं.

"आंबोळीचं पीठ."

धोंडूबाई बाहेरचे ट्रक मोजू लागली. थंडी पडल्यापासून ती रोज उन्नतीच्या पाठीमागे येऊन बसायची, "अजून वाजव गो" म्हणायची. उन्नतीला वाटायचं, सासूला गाणं आवडतंय.

"गरम रातं ना वरून," धोंडूबाई पुटपुटली. "टोप ठेवला का पीठ फुगतं."

उन्नतीचं तोंड एवढंसं झालं.

काकांनी व्हॉल्व्ह बदलला, जळलेली वायर नवी जोडली. अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा घुमला. "वहिनी, पीठ चुलीपाशी ठेवत जा. तिथं लवकर फुगतं."

"म्हाईत हाय मना," धोंडूबाई म्हणाली. "पन चुलीपाशी गिटार कोन वाजवतंय?"