नदीचा प्रवेश

“रोज नदीपर्यंत यायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. असं कुठं नाटक बसतं का?” स्वप्नील सारिकाच्या कानाशी पुटपुटला.

सारिकानं डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खूण केली. दाराआड भिकुबाई कप विसळत होत्या. 

देवपुरातल्या प्रेमराजच्या घरी, पुढच्या खोलीत, तालीम चालायची. सोफा भिंतीला लावला की रंगमंच तयार. प्रेमराज वीज कंपनीत नोकरीला, पण नाटकाचं वेड कॉलेजपासूनचं. यंदा जळगावच्या स्पर्धेसाठी त्यानं एक जुनी, गाजलेली कादंबरी निवडली होती. एकेकाळी बी.ए.ला नेमलेली, त्यामुळे न वाचताही सगळ्यांना माहीत असलेली. चारशे पानं त्यानं दोन तासांत बसवली. वीसेक पात्रांची पाच केली, संवाद अहिराणीत उतरवले. सासूच्या शिव्यांना मात्र कात्री लावली नाही. लोक त्यासाठीच येतील, असं लीलाधरचं मत होतं. लीलाधर सासऱ्याचं काम करायचा.

अडलं होतं ते शेवटच्या प्रवेशापाशी.

कादंबरीतली सून पुराच्या रात्री नदीवर जाते. सकाळी काठावर तिच्या चपला दिसतात. प्रेत मिळत नाही. पाय घसरला की आणखी काही, लेखक सांगत नाही. तो सरळ पुढचं प्रकरण सुरू करतो. कागदावर ते जमून जातं. दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेत एखादी बाई नाहीशी होऊ शकते. रंगमंचावर मात्र सारिकाला नदीपर्यंत चालत जावं लागणार होतं, आणि लोकांदेखत शेवटचं पाऊल टाकावं लागणार होतं.

स्वप्नीलनं लाइट घालवायचं सुचवून पाहिलं. प्रेमराज म्हणाला, अंधारच करायचा तर लोकांना पुस्तकच वाटू या.

खरी अडचण सगळ्यांना ठाऊक होती. प्रेमराजची धाकटी बहीण साक्रीकडच्या एका गावात दिली होती. वीस-एक वर्षांपूर्वी पांझरेला पूर आला आणि सकाळी काठावर तिच्या चपला सापडल्या. प्रेत मिळालं नाही. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. मग सगळेच तसं म्हणू लागले. तेव्हापासून या घरात तिचं नाव कुणी घेत नसे.

आईला, भिकुबाईंना, सोसणार नाही म्हणून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. भिकुबाई त्या दिवसांत एकट्याच देवदर्शनाला निघून जात. आखाजीलाच गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची असते. लेकीच्या नावाची घागर त्यांनी कधीच भरू दिली नाही. आईचं मन मानत नाही, असं लोक म्हणत. आणि गेल्या महिन्यात जावई वारल्याचं कळलं, तेव्हा त्या आपण होऊन त्याच्या दारावर, दुखवट्याला, बसायला गेल्या. घोटभर पाणीही न घेता परत आल्या. शेजारच्या बेबाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. केवढं मोठं मन म्हणायचं हे.

प्रेमराजचं दुखणं निराळं होतं. बहीण दोनदा मार खाऊन माहेरी आली होती. दोन्ही वेळा वडिलांनी सांगितलं, आणि त्यानंच तिला मोटारसायकलवर बसवून परत नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा ती फाट्यावरच उतरली. गाडी आत नको आणू, चिखल आहे, म्हणाली. वडील आता नव्हते. पाय घसरला असेल, तर प्रेमराज तिचा भाऊ होता. नसेल, तर आपण कोण, हे त्याला कुणाला विचारता येत नव्हतं. त्यानं हीच कादंबरी का निवडली, हेही मंडळात कुणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी सारिका फरशीवरच्या खडूच्या रेघेपाशी, म्हणजे नदीपाशी, येऊन थांबली.

“प्रेमराजभाऊ, घाई नाही माझी. पण पाय कसा टाकू, तेवढं सांगा.”

लीलाधर घाईघाईनं म्हणाला की घसरलेलाच बरा, परीक्षकांनाही पटेल. स्वप्नीलनं मान डोलावली. स्वयंपाकघराकडे कुणी पाहिलं नाही; पण ते इतकं ठरवून, की पाहिल्यासारखंच झालं.

प्रेमराजनं हातातले कागद खाली ठेवले.

“ती उडी मारते,” तो म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन भिकुबाई दारात उभ्या होत्या. लीलाधरनं उठून ट्रे त्यांच्या हातून घेतला, अक्का, बसा, म्हणाला. त्या बसल्या नाहीत.

आईशी प्रेमराज अहिराणीतच बोलायचा. आताही त्याच्या तोंडून तीच आली.

“माय, मीच तिले सोडी उनू. दोन्ही येळे. तिनी जीवच दिधा, माय. माले ठाऊक शे.”

सारिकानं रेघेवरचा पाय मागे घेतला. स्वप्नील भिंतीकडे बघू लागला. आता माय कोसळणार, असं वाटून लीलाधरनं खुर्ची पुढे सरकवली.

भिकुबाईंनी ओले हात पदराला पुसले. मुलाजवळ गेल्या. लहानपणी ताप बघायच्या तसा त्याच्या कपाळाला हात लावला.

“पाय घसरना नही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आनि उडी बी मारी नही.”

प्रेमराजनं कपाळावरचा तिचा हात धरला.

“तुले सांगं असतं, ते तू तिले परत सोडी उना असता.” आवाजात राग नव्हता. “मन्ही मोहिनी सुरतले शे.”